संध्याकाळच्या दोन गोळ्या

आजारपणात दुखतं, भीती वाटते, झोप येत नाही, हे सगळं लोक सांगतात. कंटाळा येतो हे कोणी सांगत नाही. मला ऑपरेशनपेक्षा कंटाळ्यानंच जास्त छळलं. अमरावतीला आईच्या घरी, समोरच्या खोलीतल्या दिवाणावर, पाठीला दोन उशा लावून मी बसलेली असायची आणि गल्लीतल्या बाया एकेक करून यायच्या. चपला काढता काढताच सुरू व्हायच्या. "छाती उघडली म्हणे तुयी? दाखव नं, कुठून कुठपर्यंत हाये." पहिल्या चारपाच जणींना मी गाऊनचं बटण काढून टाके दाखवले. नंतर डोळे मिटून पडायला लागले. झोपलेल्या माणसाला निदान बटण काढायला लावत नाहीत.

मी एक्केचाळीस वर्षांची, अकोल्याजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. हृदयाला भोक होतं ते जन्मापासूनच, पण कळलं चाळिशीत. लहानपणी मी पळताना मागं पडायची, तर घरचे म्हणायचे अंगात रक्त कमी आहे. लग्नानंतर जिना चढताना दम लागायचा, तर सासरचे म्हणायचे वजन वाढलं. मलाही ते पटायचं. मग शाळेची सहल चिखलदऱ्याला नेली. दरी बघून पायऱ्या चढून वर येत होतो आणि माझ्या छातीत एकाएकी धडधड सुटली. साधी धडधड नव्हती, तिला काही ताळतंत्रच नव्हता. पोरं पुढं निघून गेली. मी एका दगडावर बसले आणि मक्याची कणसं भाजणाऱ्या बाईनं मला पाणी पाजलं. खाली आल्यावर अकोल्यात तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं, वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला चांगलं रुपयाएवढं भोक होतं.

नागपूरला सांगितलं की भोकाला एका बाजूनं धरायला काठच नाही, त्यामुळं पायाच्या शिरेतून छत्रीसारखं उघडणारं झाकण नेऊन बसवता येणार नाही, छाती उघडूनच बंद करावं लागेल. उन्हाळ्याच्या सुटीत ते झालं. भोक बुजलं. मला वाटलं झालं, सुटले. तिसऱ्या दिवशी तिथंच, अतिदक्षता विभागात, तीच धडधड परत आली. नर्सा धावल्या, सलाइनमधून काहीतरी सोडलं, दुसऱ्या दिवशी ठोके ताळ्यावर आले. मी विचारलं, आता भोकच नाही तर हे कशाचं? तिथले डॉक्टर शांत माणूस होते. म्हणाले, "मॅडम, चाळीस वर्षं त्या कप्प्यावर जास्तीचं रक्त पडत होतं. तो ताणला गेलाय. त्याच्या भिंतीतून वीज जाते, ती ताणलेल्या भिंतीत वाट चुकते. भोक आम्ही बुजवलं, पण ताणलेलं एका दिवसात आखडत नाही. परत असं होऊ नये म्हणून आता सांभाळायचं."

सांभाळायचं म्हणजे गोळ्या. ठोके धरून ठेवायची एक बारीक पांढरी गोळी सकाळ-संध्याकाळ. आणि रक्त पातळ ठेवायची एक विटकरी रंगाची, ती फक्त संध्याकाळी, आणि पोटभर जेवणासोबतच, कारण रिकाम्या पोटी ती अंगाला नीट लागत नाही. ठोके बिघडले की त्या कप्प्यात रक्त साचून राहतं, त्याची गाठ होते, ती गाठ डोक्यात गेली की लकवा. हे त्यांनी मला सांगितलं आणि आईलाही वेगळं बसवून सांगितलं. जुलाब-ताप अंगावर काढायचा नाही, कडक चहा नको, झोप नीट, दातांचं काही करायचं असेल तर आधी विचारायचं. आईनं सगळं मान हलवत ऐकून घेतलं. मला त्यातलं अर्धं बाहेर येईपर्यंत आठवत नव्हतं.

आईला हे सांगणं म्हणजे पोहणाऱ्याला पाणी दाखवणं होतं. ती तेल्हाऱ्याकडच्या एका आरोग्य केंद्रात आया होती, तिथूनच निवृत्त झाली. क्षयाच्या पेशंटांना समोर बसवून गोळ्या गिळवायचं काम तिच्याकडं असायचं. कागदावर ते काम कोणा दुसऱ्याचं होतं, पण करायची ही. माणूस गोळी तोंडात टाकायचा, पाणी प्यायचा, आणि ही समोर उभी राहून म्हणायची, "आ कर." जीभ उचलायला लावायची, गालात बघायची. पाटील असो, मजूर असो, मोठ्या मिशीचा असो, सगळ्यांना आ करायला लावलं तिनं. लहान असताना शाळा सुटल्यावर मी केंद्राच्या ओट्यावर बसून बघायची आणि मला फार हसू यायचं.

माझा नवरा आणि मुलगी अकोल्यात. मुलीची दहावी, नवऱ्याची नोकरी, सासूबाई स्वतःच गुडघ्यांनी बेजार. म्हणून मी रजा वाढवून माहेरी राहिले. वडील गेल्यापासून आई एकटीच असते. एक स्वयंपाकघर, दोन खोल्या, मागं सीताफळाचं झाड. फोनवर नवरा रोज विचारायचा, "कसं हाये?" मी म्हणायची, "बरं हाये." मग तो फोन मुलीकडं द्यायचा.

आईनं पहिल्याच दिवशी गोळ्यांचा डबा हातात घेतला होता. मी म्हटलं, "मलाही आ करायला लावशील का आता?" ती म्हणाली, "तुले काहून? तू मास्तरीण बाई. तुले इचारलं म्हंजे झालं." आणि खरंच तेवढंच करायची. रात्रीचं जेवण झालं की भांडी घासता घासता आवाज द्यायची, "घेतली काय वं?" मी म्हणायची, "घेतली." दोन महिने ते खरंही होतं.

पण मी थकले होते. कशानं, ते धड सांगता येत नाही. दात घासले की हिरड्यांतून रक्त यायचं. टेबलाचा कोपरा नुसता लागला तरी मांडीवर हिरवं-जांभळं उमटायचं. गोळ्यांसाठी लावलेला मोबाइलचा गजर वाजला की मी तो उशीखाली दाबायची. नाडीवर बोट ठेवून बसायची तर सवयच लागली होती, गप्पा मारताना, टीव्ही बघताना, नळाला पाणी भरताना. कोणी म्हणायचं, "चेहरा चांगला दिसून राहिला आता," तर मला त्याचाही राग यायचा. एक दिवस, फक्त एकच दिवस, मला पेशंट नसलेल्या बाईसारखं जगायचं होतं.

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला. आमच्या गल्लीच्या टोकाला विहार आहे, तिथं तीन महिने रोज संध्याकाळी वाचन असतं. आई दर वर्षी अष्टमी, अमावस्या, पौर्णिमेला अष्टशील घेते. त्या दिवशी पांढरी साडी, आणि दुपारी बाराच्या आत जे काय जेवायचं ते जेवून घ्यायचं. त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अन्न नाही. संध्याकाळी फार तर सरबत नाही तर गुळाचा कोरा चहा. या वर्षी तिनं एकही दिवस चुकवायचा नाही असं ठरवलं होतं, माझ्यासाठी.

"मग हा नवसच झाला की," मी तिला चिडवलं. "धम्मात नवस असतो का?"

"नवस कायचा? संकल्प हाये."

"फरक काय?"

"नवसात मांगा लागते. म्या काई मांगतलं नाई." असं म्हणून ती भाकरी थापायला गेली.

वर्षावासाच्या दुसऱ्या महिन्यात मला बरं वाटायला लागलं. विहारापर्यंत चालत जाऊ शकत होते. एका अष्टमीला मीही पांढरी साडी नेसले. आईला आनंद झाला, पण पहिलं तिनं हेच विचारलं, "अन् गोळ्या? संध्याकाळी जेवल्याबिगर चालते काय?" मी म्हटलं, "डॉक्टरांना फोन केला होता. चालते म्हणाले." फोन मी केलाच नव्हता. असं इतकं सरळ तोंडातून निघालं की मलाच नवल वाटलं. त्या दिवशी सकाळीच भंतेंच्या मागं म्हटलं होतं, खोटं बोलणार नाही म्हणून. आठातलं ते चौथं शील.

त्या संध्याकाळी बाया वाचन ऐकत होत्या, बाहेर पाऊस होता, आणि मी स्टीलच्या ग्लासात कोरा चहा घेऊन भिंतीला टेकून बसले होते. गजर मी दुपारीच बंद करून टाकला होता. घरी आल्यावर आईनं विचारलं, "घेतली काय वं?" मी म्हटलं, "घेतली." आणि आडवी झाले. किती दिवसांनी मी नाडी न बघता झोपले. विटकरी गोळी जेवणाशिवाय घ्यायची नसते हे माझ्याकडं कारण होतं. पांढरीला तेही कारण नव्हतं. दोन्ही डब्याच्या एकाच खणात होत्या, म्हणून दोन्ही राहू दिल्या. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी काही झालं नाही म्हणून मग अमावस्येलाही तसंच केलं. मग पुढच्या अष्टमीला. मग पौर्णिमेला. मी त्या दिवसांची वाट बघायला लागले, आणि आईला वाटायचं पोरगी धम्माला लागली.

तो संकल्प आपल्याला फळतोय असंही तिला वाटत असावं. शेजारणीला सांगताना मी ऐकलं होतं, "तब्येत भल्ली सुधरली तिची. अष्टशील घेते आता."

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होते आणि छातीत ते सुरू झालं. चिखलदऱ्याच्या पायऱ्यांवरचंच. दोन ठोके जवळ, एक लांब, मग चार एकदम, मग काहीच नाही. मी तोंड धुतलं, चहा घेतला, आणि गुपचूप ती पांढरी गोळी घेतली, एक नाही, दोन. बसून राहिले. दहा वाजेपर्यंत मी आईला काही सांगितलं नाही. दहाला तिनं वाटी पुढं केली आणि मी नाडीवरचं बोट उचलत नाही हे बघितलं. तिनं माझं मनगट धरलं. घड्याळाकडं बघायचीही गरज पडली नाही तिला. म्हणाली, "चाल. ऑटो बोलावतो."

डॉक्टर अमरावतीतलेच, नागपूरवाल्यांनी ज्यांच्याकडं पाठवलं होतं ते. पन्नाशीचे, तोंडाचे फटकळ. ईसीजीची कागदी पट्टी बघून म्हणाले, "पुन्हा बिघडली लय. घाबरू नका. रक्तदाब चांगला आहे." मग आमच्याकडं वळून म्हणाले, "दोन मिनिटांची भूल देऊन छातीवर करंट देतो, ठोके जागेवर येतील. आजच करू. फक्त एक सांगा, रक्त पातळ व्हायची गोळी मागच्या तीन आठवड्यांत एकही चुकली नाही ना?"

मी तोंड उघडायच्या आत आई बोलली.

"एकबी नाई साहेब. मी रोज इचारतो तिले. इचारल्याबिगर निजत नाई."

तिच्या आवाजात अभिमान होता. कालची पांढरी साडी धुऊन दोरीवर टाकून आली होती, हाताला अजून निळीचा वास येत होता. डॉक्टर मान हलवून लिहायला लागले. नर्सला म्हणाले, तयारी करा. आणि मी गप्प बसले होते.

किती वेळ गप्प होते ते मला माहीत नाही. अर्धा मिनिट असेल. त्या अर्ध्या मिनिटात मी काय विचार केला ते लिहायला लाज वाटते. मी विचार केला, चार गोळ्यांनी काय होतं. मी विचार केला, आईला इथं, नर्ससमोर, खोटं पाडायचं कसं. लकव्याचं मला नागपूरला सांगितलं होतं, ते आठवत होतं, आणि तरीही आईचा चेहरा पडेल याचीच भीती जास्त वाटत होती. नर्सनं माझ्या हातात सुई घालायला पट्टा बांधला.

"चुकल्या," मी म्हटलं. "चार चुकल्या. त्यातल्या तीन या तीन आठवड्यांतल्या. मी आईला खोटं सांगत होते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. नर्सला हातानंच थांब म्हणाले. मग ते जे बोलले ते मी आयुष्यात विसरणार नाही, कारण ओरडले असते तर बरं झालं असतं. "मॅडम, तुम्ही शिकवता ना? मी आता करंट दिला असता आणि आत गाठ असती, तर ठोका जागेवर आला की पहिल्या धक्क्याला ती सुटून डोक्यात गेली असती. तुमच्या आईच्या सांगण्यावर मी ते करणार होतो."

आई माझ्याकडं बघत नव्हती. हातातल्या पिशवीची गाठ सोडत होती आणि परत मारत होती.

डॉक्टरांनी कारण विचारलं, मी अष्टशीलाचं सांगितलं. त्यांनी आईला विचारलं, "आजी, तुमच्यात दुपारनंतर औषध घ्यायला मनाई आहे का?"

"नाई साहेब," आई म्हणाली. "औषधाले मनाई नाई. भंते दर वर्षी सांगतात." ते मलाही ठाऊक होतं, लहानपणापासून.

"आणि बाराच्या आत पोटभर जेवता ना? मग विटकरी गोळी तेव्हा घ्या. रोजच दुपारच्या जेवणासोबत घ्या, शील असो नसो. पांढरी संध्याकाळी पाण्यासोबत. एक फोन केला असता तर हे एका मिनिटाचं काम होतं." मग त्यांनी सांगितलं, आत गाठ आहे का ते घशातून नळी घालून बघता येतं, पण त्यासाठी नागपूरला जावं लागेल. नाहीतर ठोके आवरायचं औषध वाढवून देतो, आणि आजपासून तीन आठवडे एकही गोळी न चुकवता घ्यायची, मग करंट. "मधे एक जरी चुकली, तर पुन्हा पहिल्यापासून तीन आठवडे. तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं, तर तसंच उचलून इथं आणायचं." हे शेवटचं ते आईशी बोलले.

परत ऑटोनंच निघालो. राजकमल चौकात गाडी अडकली, भोवती नुसते हॉर्न, आणि आम्ही दोघी दोन बाजूंना बघत बसलो. घरी आल्यावर तिनं भाकर, मुगाची भाजी, कढी असं पुढं ठेवलं. मी जेवले. तिनं पाण्याचा ग्लास आणि विटकरी गोळी आणून दिली. मी गिळली.

"आ कर," आई म्हणाली.

मला वाटलं गंमत करतेय. पण ती समोर उभी होती, कमरेवर हात, ओट्यावर उभी राहायची तशीच. मी तोंड उघडलं. "जीभ वर." मी जीभ वर केली. तिनं वाकून दोन्ही गालांत बघितलं आणि ताट उचलून घेऊन गेली.

असं आठ दिवस चाललं, दुपारी आणि संध्याकाळी. छातीत ते वेडंवाकडं सुरूच होतं, औषधानं जरा सावकाश झालं होतं इतकंच. न्हाणीघरापर्यंत गेलं की दम लागायचा. उताणी पडले की कानात ऐकू यायचं, म्हणून कुशीवर पडायची, मग उशीत ऐकू यायचं. प्रत्येक वेळी बोलताना मी आधी मनात तपासायची, जीभ अडखळते का. आरशात जाऊन हसून बघायची, तोंड सरळ आहे ना. सगळ्या दिवसाचा थकवा एकीकडं आणि ते आ करणं एकीकडं. आठव्या दिवशी माझं डोकं फिरलं.

"मी काय तुझ्या दवाखान्यातली पेशंट आहे का?" मी म्हटलं.

"नाई," आई म्हणाली. "ते बिचारे खोटं बोलत नोते. थुकत होते, पण थुकली म्हणून सांगत होते."

"मी एकदा चुकले तर जन्मभर—"

"चार डाव."

मी रडायला लागले. रडताना ठोके अजूनच सैरावैरा धावायला लागले, त्यानं घाबरून अजून रडू आलं. आणि मग मी तिला ते सांगितलं जे तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. मी म्हटलं, "आई, मी थकले. मला मरायचं नव्हतं. मला फक्त एक दिवस बरं असायचं होतं. कोणी विचारू नये, गजर वाजू नये, एवढंच." ती दारात उभी राहून ऐकत होती. पदरानं हात पुसले, आणि दिवाणाच्या कडेला येऊन बसली. माझ्या पायावर हात ठेवला.

मग म्हणाली, "थकली तं सांगाचं होतं नं माय. मी बी थकली असतो तुयासंगं."

दुसऱ्या दिवशी साडेअकराला तिनं ताट वाढलं, बाजूला गोळी ठेवली, पाणी ठेवलं, आणि पायात चपला घातल्या. विहारात झाडलोट करायची आहे म्हणाली. मी म्हटलं, "बघत नाहीस?" ती म्हणाली, "मी काई जन्मभर तुयापुढं उभी राह्यणार नाई. तुले तं जन्मभर सांभाळा लागते." आणि दार ओढून घेऊन गेली.

पुढचे तेरा दिवस तिनं एकदाही बघितलं नाही, एकदाही विचारलं नाही. ते न विचारणं आ करण्यापेक्षा जड होतं. एका दुपारी मुलीचा फोन आला, सहामाहीत गणितात कमी मार्क पडले म्हणून ती रडत होती, मी तिला समजावत बसले. ताट झाकलेलंच राहिलं. लक्षात आलं तेव्हा तीन वाजले होते.  गार भाकर तशीच खाल्ली, गोळी घेतली. कोणी बघितलं नव्हतं. आई आली आणि तिनं चपला काढायच्या आत मी सांगून टाकलं, "आज तीन वाजले गोळीला. साडेतीन तास उशीर झाला." डॉक्टरांनाही फोन केला, या वेळी खरंच केला. त्यांनी सांगितलं त्याच दिवशी घेतली ना, मग चालेल, चुकली धरायची नाही. आई म्हणाली, "बरं." आणि दिवा लावायला आत गेली.

बाविसाव्या दिवशी सकाळी उपाशीपोटी आम्ही गेलो. नवरा अकोल्याहून पहिल्या गाडीनं आला होता, बाहेर बाकावर बसला होता. त्या दिवशी अष्टमी होती, आई पांढऱ्या साडीत. मला आत पलंगावर घेतलं, छातीला गार चिकट पट्ट्या लावल्या, सुई घातली. डॉक्टर आले आणि त्यांनी मला विचारलंच नाही. आईकडं वळून म्हणाले, "आजी, तीन आठवडे तुमच्या डोळ्यांसमोर घेतल्या ना गोळ्या?"

मला तेव्हा कळलं की माझा शब्द त्यांच्या लेखी संपलेला होता. त्यांची काही चूक नव्हती.

"पयले आठ दिवस मी पाह्यलं," आई म्हणाली. "मंग नाई पाह्यलं. तिले इचारा."

डॉक्टर वळले. माझ्याकडं बघितलं.

"एकही चुकली नाही," मी म्हटलं. "एक दिवस तीन वाजता घेतली, त्या दिवशी तुम्हाला फोन केला होता."

 त्यांनी पुन्हा आईकडं बघितलं. मशीनवर हात ठेवलेली नर्सही तिच्याकडंच बघत होती. "आजी, तुमचं काय म्हणणं? शंका असेल तर आपण थांबू. नागपूरला जाऊन आधी आतून बघून घेऊ."

आईनं माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाली, "ते सांगून राह्यली नं साहेब. लावा मशीन."

मग मला विसापासून उलटं मोजायला सांगितलं. मी सोळापर्यंत गेले असेन.

जाग आली तेव्हा छातीची कातडी उन्हानं भाजल्यासारखी चुरचुरत होती. जीभ हलवून बघितली. बोटं हलवली. मग नाडीवर बोट ठेवलं आणि मोजत राहिले, एक, एक, एक, सगळे सारखे. नवरा पायाशी उभा राहून चादर सारखी करत होता. आईनं डबा उघडला होता.

"साडेअकरा होऊन गेले," ती म्हणाली. "बाराच्या आत जेवा लागते. तुले बी अन् मले बी."

नर्सनं थोडं थांबायला लावलं, पाणी पाजून बघितलं, मग उठून बसू दिलं. भाकर आणि बेसन लावलेली आलणाची भाजी होती. आम्ही दोघी एकाच डब्यातून जेवलो. डॉक्टर जाता जाता सांगून गेले, गोळ्या सुरूच ठेवायच्या, हे परत होऊ शकतं, दर तीन महिन्यांनी यायचं. मी हो म्हटलं. ते ऐकून मला पुन्हा तेवढाच थकवा आला, पण या वेळी मी तो बोलून दाखवला. म्हटलं, "आई, मला कंटाळा आला या गोळ्यांचा." ती म्हणाली, "मले बी आला," आणि विटकरी गोळी माझ्या तळहातावर ठेवली.

मी गिळली, पाणी प्यायले, आणि तिच्यापुढं तोंड उघडलं. मोठा आ केला, जीभ वर केली.

ती डब्याचं झाकण लावत होती. "मिट नं तोंड," म्हणाली, "माशी जाईन."